पुरात वाटप करावं की पंचनाम्यासाठी उभं राहावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिरज तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात तुमची चौदा जणांची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. २०१९ पासून पूर आला की तुम्ही जेवण, किराणा किट, कपडे वाटता. आता तुमच्यातली तरुण मुलं म्हणतात, वाटप बास झालं, पंचनामे, अनुदान, पुनर्वसन यासाठी संस्थेनं उभं राहावं. जुनी मंडळी म्हणतात, एकदा तहसीलच्या दारात निवेदन घेऊन गेलो की अधिकारी दुरावतील, देणगीदार बिचकतील आणि चाललेलं कामही बंद पडेल. कुणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

मी २००५ च्या पुरापासून पंचगंगेच्या काठावर, करवीर तालुक्यात हे काम करतो आहे. आमच्याकडेही हाच वाद झाला होता आणि त्यात आमची दोन वर्षं गेली. आज मागं वळून पाहताना मला वाटतं, अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. पाणी उतरल्यावर दहा-बारा दिवसांत आपण थांबतो. पूरग्रस्त घराला सगळ्यात जास्त गरज पडते ती त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, यादीत नाव नाही असं कळतं तेव्हा. आणि त्या वेळी आपल्याकडे त्या घराबद्दल एक ओळही लिहिलेली नसते. ती ओळ वाटपाच्या वेळीच लिहून ठेवली, तर तुमच्या दोन्ही गटांचं काम एकाच वहीतून होतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या गावावर अवलंबून आहेत, त्या इथून मला ठरवता येणार नाहीत. पाणी गावठाणात चार-पाच दिवस बसतं की एका रात्रीत येऊन जातं, गावात गट किती तीव्र आहेत, चौदा जणांत नीट लिहिणारे किती, यावर कामाचा आकार ठरेल. तुमच्यातलं कुणी निवडणुकीला उभं राहणार असेल तर त्यानं किट खुशाल वाटावीत, पण यादी आणि पत्रव्यवहार त्याच्या हातात देऊ नका. यात मी तडजोड करत नाही, कारण एका घराचं नाव राजकारणामुळं सुटलं अशी नुसती शंका आली तरी सगळी वही निकामी होते.

आता २०१९ चं सांगतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, त्यामुळं बाहेरून काही येत नव्हतं. रस्ता उघडला आणि मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. आम्ही दिवसरात्र वाटलं. ज्या घराचा दरवाजा उघडा दिसला तिथं किट दिलं, जो माणूस समोर आला त्याला चादर दिली. कुणाला काय दिलं, कुणाच्या घरात किती पाणी होतं, हे कुणी लिहिलं नाही. लिहिण्यात वेळ घालवणं त्या वेळी पाप वाटायचं.

ऑक्टोबरमध्ये एक बाई आमच्याकडे आल्या. दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या, नवरा वारलेला, पदरात दोन मुली. घर आठ दिवस पाण्यात होतं, पण यादीत नाव घरमालकाचं लागलं, आणि मालक राहायला दुसऱ्या गावात. तुम्ही पुराच्या वेळी इथं राहत होता याचा पुरावा आणा, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. भाडेकरार नव्हता. वीजबिल मालकाच्या नावावर. त्यांनी पिशवीतून आमच्याच किटची रिकामी प्लास्टिकची पिशवी काढली. देणगीदाराचं नाव छापलेली, धुऊन, चार घड्या घालून ठेवलेली. "ही तुम्ही मला दिली होती ना? मग तेवढं तरी लिहून द्या," म्हणाल्या. मी दिली होती की नाही, हे मला खरंच आठवत नव्हतं. त्या दिवशी मी लिहून देऊ शकलो नाही. त्यांची ती घडी केलेली पिशवी अजून डोळ्यांसमोर येते.

२०२१ च्या जुलैत पाणी २०१९ च्याही वर गेलं. त्या वेळी आम्ही वही ठेवली. साधी दोनशे पानी, आणि एका घराला एक पान. घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं, घर मालकीचं की भाड्याचं, घरपट्टी कुणाच्या नावावर, शिधापत्रिका आणि आधार आहेत की पुरात भिजले, पाणी किती तारखेला किती वाजता उंबऱ्याला लागलं, किती वाजता बाहेर गेलं, जमिनीपासून किती फूट चढलं, दावणीला किती जनावरं होती आणि आता किती आहेत. खाली आम्ही काय दिलं ते, आणि घरातल्या बाईची सही किंवा अंगठा. घरातली बाईच कशाला, असं आमच्यातल्या काहींनी विचारलं. पाणी केव्हा आलं आणि कशाचं नुकसान झालं, हे तीच नेमकं सांगते, म्हणून. पुरुष बहुतेक वेळा जनावरं घेऊन आधीच उंचावर गेलेला असतो.

यात सगळ्यात महत्त्वाचे रकाने दोन, पाणी शिरल्याची वेळ आणि उतरल्याची वेळ. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत कपडे आणि भांडी यांची मदत मिळते ती घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत ती कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये धरली आहे. राज्य सरकार पुष्कळदा स्वतंत्र शासन निर्णय काढून रक्कम वाढवतं, म्हणून त्या वर्षीचा निर्णय हातात आल्याशिवाय लोकांना आकडा सांगू नका. रक्कम कितीही असो, "दोन दिवस" ही अट बहुतेक वाद निर्माण करते. एकाच गल्लीत वरच्या टोकाला पाणी सव्वा दिवस राहतं आणि खालच्या टोकाला साडेतीन दिवस. पंचनामा करणारा माणूस येतो तेव्हा गल्ली कोरडी असते. आमच्या वहीत सात शेजाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेल्या वेळा एकमेकींशी जुळत होत्या, आणि त्यावर दुरुस्ती झाली.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या खुणेची. पाणी उतरल्यावर भिंतीला गाळाची तपकिरी रेघ राहते. लोक पहिल्या दिवशीच घर धुवायला घेतात, आणि त्यांनी धुवावंच. पंचनाम्यासाठी चिखलात बसा असं कुणाला सांगू नका, आजारपण येतं. तुमचा कार्यकर्ता खराट्याच्या आधी पोचला पाहिजे. सुताराचा टेप भिंतीला लावायचा, शून्य जमिनीला टेकवायचं, घरातल्या माणसाला रेघेजवळ उभं करायचं आणि टेपवरचे आकडे दिसतील असा फोटो काढायचा. मग दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला रेघेच्या उंचीवर एक खिळा ठोकून ठेवायचा. रंग दिला तरी खिळा राहतो, आणि पुढच्या पुरात तो उपयोगी पडतो.

पिकांचंही असंच आहे. निकषात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागतं, मदत २ हेक्टरपर्यंत धरतात, आणि केंद्राच्या त्याच २०२२ ते २०२६ च्या निकषांत दर हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० व बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये धरले आहेत. आपल्याकडचा घोळ उसाचा. पाणी शेंड्यावरून गेलं आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, गाळ साचला की ऊस आतून कुजतो, पण पहिले काही दिवस रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो हिरवा, उभा दिसतो. म्हणून पोंगा उपटून, हातात धरून, बांधावरची ओळखीची खूण मागं दिसेल असा फोटो आठवड्याच्या अंतरानं दोनदा काढा.

तुमच्या तरुणांना ज्या कामाची ओढ आहे ते खरं इथं सुरू होतं, कारण वही भरली की कोण सुटतंय ते आपोआप दिसतं. भाडेकरू. खंडानं किंवा अर्ध्या वाट्यानं शेती करणारे, ज्यांचं बियाणं आणि खत बुडतं पण पैसे सात-बाऱ्यावरच्या नावाला जातात. एका घरात तीन चुली असलेले भाऊ, घरपट्टी मात्र एकाची. वारस नोंद न झालेल्या विधवा. नदीकाठच्या पालांत राहणारी कुटुंबं, ज्यांची कुठल्याच दप्तरात नोंद नसते. शिवाय यादीत नाव येऊनही पैसे न मिळालेले लोक असतात. यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर आधार प्रमाणीकरण करायचं राहिलेलं असतं, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. या शेवटच्या गटाला कुणाशी भांडावंच लागत नाही. एक कार्यकर्ता, एक मोटरसायकल आणि चार दिवस पुरतात. आमच्या गावात २०२१ नंतर सर्वांत जास्त घरांना प्रत्यक्ष पैसे मिळाले ते याच फेऱ्यांमुळं.

वही भरताना मोह होतो, तो टाळा. एखादा म्हणतो, एक म्हैस वाहून गेली पण दोन लिहा. लिहू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५२ प्रमाणं मदतीसाठी खोटा दावा करणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठं नुकसान म्हणजे एक खोटं पान सापडलं की उरलेल्या दोनशे पानांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता जुन्या मंडळींच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी नाही. मी स्वतः पहिल्यांदा निवेदन घेऊन गेलो ते पन्नास माणसं आणि घोषणा घेऊन. काम झालं नाही आणि वर्षभर त्या कार्यालयात आम्हाला बसायलाही कुणी सांगितलं नाही. नंतर पद्धत बदलली. पुराच्या वेळी एकेका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचीही तीच गत, आणि त्यांच्यातल्या कुणाकुणाचं स्वतःचं घरही पाण्यात असतं. आम्ही आता पंचनामा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वहीची छायाप्रत घेऊन जातो आणि सोबत गल्लीवार दोन पोरं देतो. तलाठ्याचं काम सोपं होतं आणि घर सुटत नाही. यादी ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर लागली की आम्ही ती वहीशी ताडून पाहतो. सुटलेल्या प्रत्येक घराचा अर्ज वेगळा करतो, सोबत फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडतो, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतो. शिक्क्याशिवाय कागद देऊन येऊ नका.

एवढं करूनही उत्तर नाही आलं, तर माहिती अधिकार आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. पंचनाम्याची प्रत त्या कुटुंबानंच मागावी, संस्थेनं अर्ज लिहायला मदत करावी. एक तर दुसऱ्याची खासगी माहिती म्हणून नाकारता येत नाही, आणि अर्ज करणाऱ्या बाईला पुढच्या वेळी तुमची गरज लागत नाही. माझ्या अनुभवात असे अर्ज केल्यामुळं संस्थेचं वाटप कुणी बंद पाडलं नाही. देणगीदार दोन तुटले, हे खरं आहे. जे राहिले त्यांना आम्ही वर्षाच्या शेवटी सांगू शकलो की तुमच्या पैशातून इतकी किट गेली आणि इतक्या घरांचं अडकलेलं अनुदान सुटलं. त्यांनी पुढच्या वर्षी जास्त दिलं.

निवारा छावणीत तर आकडे घेऊन बोललं की वाद होतच नाही, असं मी म्हणेन. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मदतीच्या किमान मानकांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी, मोठ्या माणसाला २,४०० उष्मांकांचं जेवण, ३० माणसांमागं एक शौचालय. आमच्या एका छावणीत, शाळेच्या इमारतीत, १८० माणसं होती आणि शौचालयं दोन. बायका पहाटे चारला उठून रांग लावायच्या, काही जणी पाणी प्यायच्याच बंद झाल्या होत्या. आम्ही एका कागदावर तीन ओळी लिहिल्या: माणसं १८०, शौचालयं असायला हवीत ६, आहेत २. खाली छावणीतल्या अकरा बायकांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फिरती शौचालयं आली. "व्यवस्था अपुरी आहे" असं आम्ही आधी तीन दिवस तोंडी सांगत होतोच.

वाटपाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला येतंच. जुने कपडे घेणं बंद करा. २०१९ मध्ये आमच्या भागात कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते, आणि लोकांना त्या ढिगातून निवडायला लावणं अपमानाचं होतं. पहिले दोन दिवस शिजवलेलं जेवण आणि पाणी. मग खोरी, घमेली, खराटे, जंतुनाशक, ताडपत्री, आणि बायकांना विचारून सॅनिटरी पॅड व आतले कपडे. आणि वैरण. छावणीत न येणारी माणसं बहुतेक जनावरांसाठी मागं राहतात, हे तुम्हाला माहीत आहे. गावाबाहेर उंचावर दावण आणि वैरणीची सोय आधी झाली तर ती माणसं वेळेवर बाहेर पडतात. बोटीतून सुटकेचं काम मात्र प्रशिक्षित पथकांकडंच राहू द्या. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून झालेली दुर्घटना तुमच्यापासून लांब नाही. तुमच्या पोरांचं धाडस मला कळतं, पण लाईफ जॅकेटशिवाय एकालाही पाण्यात उतरू देऊ नका.

पैशांबद्दल एक सावधगिरी. परदेशातल्या नातेवाइकांकडून मदत येते. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याची रक्कम मात्र परकीय देणगी होते, आणि तुमच्या संस्थेकडे परकीय देणगी घेण्याची नोंदणी (एफसीआरए) नसेल तर ती रक्कम घेता येत नाही. कार्यकर्त्याच्या खासगी खात्यावर घेऊन पळवाट काढू नका. बाकी पावती, खातेवही आणि संस्थेचा वेगळा क्यूआर कोड एवढं पाळलं की पुरतं.

तरुण मुलांनी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा प्रश्नही तुमच्यापुढं ठेवलाय. त्यांची तळमळ योग्य आहे. पण तो दोन राज्यांचा आणि केंद्राचा प्रश्न आहे, त्यावर मोठ्या समित्या आणि पक्ष बोलतायत. चौदा जणांच्या संस्थेनं आधी आपल्या हद्दीतलं पाहावं. गावाजवळच्या पुलाला जोडणारा भराव पाणी अडवतो का, ओढ्याचं तोंड बुजवून कुणी बांधकाम केलंय का, निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, नवे प्लॉट पडतायत का. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालानंही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडं बोट दाखवलं होतं. या गोष्टी ग्रामसभेत ठरावावर आणता येतात, आणि तुमच्या वहीतल्या पाण्याच्या उंचीचे आकडे तिथं कुणाकडेच नसतात.

पुनर्वसनाची घाई करू नका, एवढंच सांगेन. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या गेल्या, तरी २०१९ मध्ये जुन्या गावातून माणसांना बोटीनं बाहेर काढावं लागलं. नुसता प्लॉट मिळून माणूस हलत नाही. शेत, गोठा, दूध डेअरी, शाळा, जुन्या घराचं काय होणार, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. गावातल्या निम्म्या बायकांनी "हो" म्हटल्याशिवाय संस्थेच्या नावानं पुनर्वसनाची मागणी करू नका.

आता सुरुवात कुठून करायची. पाऊस लागायच्या आधी एक काम हाती घ्या, त्यात तुमचे दोन्ही गट एकत्र बसतील. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी रोज जाहीर होते, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. पण तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बाईला ४५ फूट म्हणजे काय ते कळत नाही. जुन्या मंडळींना घेऊन प्रत्येक गल्लीत जा आणि विचारा, २०१९ ला आणि २०२१ ला आयर्विनला किती फूट होतं तेव्हा तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं? तुमचं गाव पुलाच्या वरच्या अंगाला असेल तर पाणी आधी पोचेल, तोही फरक त्यांच्याकडूनच कळेल. उत्तरं तरुणांनी लिहावीत. मग गल्लीच्या तोंडाच्या खांबावर ऑइलपेंटनं रंगवा, "आयर्विन ४३ फूट झाले की ही गल्ली सोडा", तुमचा जो आकडा निघेल तो. नदीच्या सगळ्यात जवळच्या घरापासून सुरू करा, आणि त्या घराचं पान वहीत पहिलं घ्या.